चार वाजताची ओळ

१

सकाळी आठला ड्यूटी हातात घेतली की टॉर्चताईचं पहिलं काम ठरलेलं. खिशातला छोटा टॉर्च काढायचा आणि स्वतःच्या तळहातावर मारून बघायचा. मेंदूच्या वॉर्डात उतरलेल्या सेलचा टॉर्च घेऊन फिरणारी नर्स म्हणजे तिच्या मते रिकामी बादली घेऊन आग विझवायला निघालेला माणूस. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत तिचं खरं नाव ओळखपत्रापुरतं उरलं होतं. मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांची ती टॉर्चताई, आणि तिलाही ते आवडायचं.

त्या दिवशी तिच्याकडे चार नंबरच्या खोलीतल्या शिंपीणबाई होत्या. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुग्यासारखा फुगवटा आला होता, तो फुटला. वेळेवर आणलं म्हणून वाचल्या. डॉक्टरांनी मांडीतून बारीक नळी घालून थेट डोक्यापर्यंत नेली आणि तारेची वेटोळी भरून तो फुगा बुजवला. घरच्यांना वाटतं, झालं, सुटलो. पण खरी परीक्षा पुढेच असते. पहिल्या दोन आठवड्यांत आतल्या रक्तवाहिन्या अचानक आखडतात. मग हात जातो, बोलणं जातं, कधी माणूसच जातो. ते ओळखायला यंत्रं आहेत, नाही असं नाही. पण सगळ्यात आधी कळतं ते दर तासाला पेशंटसमोर उभं राहून नीट बघणाऱ्या नर्सला. आज शिंपीणबाईंचा सातवा दिवस होता, म्हणजे ऐन धोक्यातला.

आठ वाजता ताईंनी खिडकीतला उजेड अडवायला पलंगाभोवतीचा पडदा ओढला.

"नाव सांगा."

"कालचंच आहे, बदललेलं नाही."

"सांगा तरी."

शिंपीणबाईंनी सांगितलं. आपण हॉस्पिटलात आहोत हेही सांगितलं, कारण इतका पांचट चहा दुसरीकडे कुठे मिळणार. महिना बरोबर. ताईंची बोटं दोन्ही हातांनी सारखीच घट्ट दाबली. मग ताट धरल्यासारखे दोन्ही तळवे समोर, डोळे मिटून, दहा आकडे. हात जागचे हलले नाहीत. टॉर्चच्या उजेडात डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या चटकन बारीक झाल्या. पलंगाच्या पायथ्याशी पाटीवर चार्ट अडकवलेला होता. त्यावर आठची ओळ भरली, सही केली. आधी बघायचं, मग लिहायचं, हा ताईंचा कायदा होता. नव्या मुली त्याला हसायच्या.

नऊ वाजता सगळं पुन्हा केलं, पेन काढलं आणि पाटी हातात घेतली. नऊची ओळ भरलेली होती.

२

आपणच लिहिलं असणार आणि विसरलो, असं ताईंना आधी वाटलं. वय झालं, दुसरं काय. अक्षर तिचंच होतं. आकडेही तेच, जे तिनं आत्ता पाहिले होते, नाडीसकट.

पण ती नाडी ७२ होती, इंग्रजी आकड्यांत लिहिलेली, आणि त्या सातच्या पोटात आडवी रेघ होती. तशी रेघ ताई शिकाऊ असताना मारायची. सोडून तिला पंचवीस वर्षं तरी झाली असतील. आणि शेवटी सही होती ती माहेरच्या आडनावाची.

ताईंनी पाटी उजेडात धरून पाहिली. शाई कोरडी होती.

"मघाशी कुणी आलं होतं का गं इथे?" तिनं शिंपीणबाईंच्या लेकीला विचारलं. लेक आईपाशी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असायची.

"तुम्हीच आलात ना, पावणेनऊला."

"मी नऊला आले. आत्ता."

"त्याआधी पण आलात की. पडदा ओढलेला होता, आईचा डोळा लागला होता. मी खाली वाकून मोबाईलचा चार्जर लावत होते, मला बूटच दिसले. टॉर्चचा आवाज पण आला, टिक टिक. तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मीही हाक मारली नाही." लेकीनं वाकून बघितलं. "बूट बदललेत का तुम्ही? ते पांढऱ्या कापडाचे होते."

ताईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. काळे, रबरी तळाचे, वॉर्डात सगळ्याच जणी घालतात तसले. कापडी बूट बंद होऊन किती वर्षं झाली. रोज खडू लावून पांढरे करावे लागायचे ते.

"कुणीतरी चेष्टा करतंय," ती म्हणाली. तिला ते पटलंही होतं. नव्या बॅचमधल्या दोन मुली नकला करण्यात पटाईत होत्या, आणि सहीची नक्कल काय कुणीही करील. पण माहेरच्या सहीची नक्कल करायला ती कधीतरी पाहिलेली असायला हवी. त्या मुलींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

दहा वाजता दहाची ओळ भरलेली होती, आणि अकराचीही.

३

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी टॉर्चताईंनी कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, तेव्हा हा वॉर्ड म्हणजे वीस पलंगांचा एक लांबच लांब हॉल होता, अकरा नंबरला एक गवंडी होता. आजार हाच. दिवसही सातवाच. हसरा माणूस. प्लास्टर कुठे पोकळ आहे ते बोटानं टकटक करून ओळखता येतं, असं तिला सांगायचा आणि पलंगाशेजारच्या भिंतीवर वाजवून दाखवायचा.

त्या दुपारी तिच्या मैत्रिणीचा निरोपसमारंभ होता, मागच्या खोलीत. तिनं दोनला पाटी घेतली आणि दोन, तीन, चार अशा तिन्ही ओळी एका बैठकीत भरून टाकल्या. बाहुल्या तीन-तीन मिलिमीटर, दोन्ही हात सारखे. सकाळपासून तसंच तर होतं. मग ती मागच्या खोलीत जाऊन हसली, गायली, केक खाल्ला. साडेचारला परत आली तेव्हा गवंडी गेलेला होता. मोठ्या डॉक्टरांनी चार्ट पाहिला, चार वाजता सगळं ठीक होतं हे वाचलं आणि मान हलवली. अचानक झालं, ते म्हणाले. गवंड्याच्या बायकोलाही तेच सांगण्यात आलं. आणि ती बाई बिचारी हिच्याच गळ्यात पडून रडली, तुम्ही किती केलंत हो म्हणून.

तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. सत्तावीस वर्षांत एक ओळसुद्धा न पाहता लिहिली नाही. ताप अंगावर काढून आली, पाय सुजले तरी फिरली. लोकांना वाटायचं, बाईला कामाची हौस आहे.

४

दहा वाजता ताईंनी तो कागद काढून ड्रॉवरमध्ये घातला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पाटीवर कोरा कागद लावला. आठ, नऊ आणि दहाच्या ओळी स्वतःच्या हातानं उतरवून घेतल्या. अकराला स्वतः बघितलं आणि अकराची ओळ स्वतः लिहिली. मनाला जरा बरं वाटलं.

बाराला पडदा बाजूला केला तर नवा कागद थेट चारपर्यंत भरलेला होता.

बारा ठीक. एक ठीक. दोनच्या ओळीत डाव्या हाताच्या रकान्यात लिहिलं होतं, "किंचित खाली येतो." तीनला, "डावा हात उचलत नाही." आणि चारला उजवी बाहुली सहा, उजेडाला प्रतिसाद नाही, डावा हात शून्य, हाक मारल्यावर उत्तर नाही. सही माहेरची. पाचची ओळ कोरी.

ताईंनी पाटीवरून मान वर केली. समोर शिंपीणबाई मस्त उशीला टेकून बसल्या होत्या आणि लेकीच्या कुर्त्याची शिवण कशी वाकडी गेलीय ते तिला सुनावत होत्या.

ताईंनी छोट्या डॉक्टरांना बोलावलं. मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये असले की वॉर्ड त्यांच्याकडे असायचा. पोरगा हुशार होता आणि ताईंना मानायचा. त्यानं शिंपीणबाईंना नीट तपासलं. मग पाटी बघितली आणि ताईंना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला.

"ताई, हे अक्षर तुमचं आहे."

"हो."

"आत्ता सव्वाबारा झालेत. तुम्ही चारपर्यंतचं लिहून ठेवलंत?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ताईंचा चेहरा असा उतरला की डॉक्टरांचीच नजर खाली गेली.

"मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "कुणी लिहिलं ते मला माहीत नाही. पण हे खरं होणार आहे असं मला वाटतंय. आत्ताच आतला फोटो काढा."

"कशावर काढू? मघाशी डोक्यावरून सोनोग्राफी केली, ती ठीक आहे. हात ठीक, बाहुल्या ठीक. नळी घालून तपासायचं म्हणजे तोही धोकाच आहे, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? मला एक खूण द्या, ताई. एक जरी दिली तरी मी मोठ्या डॉक्टरांना ऑपरेशनमधून फोनवर घेतो." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तो कागद तेवढा फाडून टाका. इन्चार्ज मॅडमनी पाहिला तर तुमच्या नोकरीवर येईल."

"फाडणार नाही," ताई म्हणाली.

ती आत आली, खुर्ची ओढून पलंगाशी बसली. लिहिणारीला काय लिहायचं ते लिहू दे. आपण बघायचं. तिनं ठरवून टाकलं की आता तासाला नाही, दर दहा मिनिटांनी बघायचं, आणि इथून उठायचंच नाही.

५

साडेबारा, बारा चाळीस, बारा पन्नास. नाव, जागा, महिना, बोटं, ताट, टॉर्च.

"अहो, आता माझं नाव झिजेल," शिंपीणबाई वैतागल्या.

"झिजू दे. नवीन शिवून देईन."

"तुम्ही काय शिवणार? तुमच्या एप्रनची दोरी तरी धड आहे का?"

एक वाजला, दीड वाजला. हात सारखेच. प्रत्येक वेळी ताईंचा जीव भांड्यात पडायचा आणि पुन्हा टांगणीला लागायचा. खोलीत सलाइनचा पंप घुरघुरत होता. मधूनच कुठूनतरी टिक असा आवाज यायचा, टॉर्चचं बटण दाबल्यासारखा. ताई दर वेळी खिशावर हात ठेवायची. टॉर्च खिशातच असायचा, बंद.

पावणेदोनला तिला वाटलं, आपली परीक्षाच चुकतेय. हात हवेत धरायला काय, जिद्दीची बाई कशीही धरील. बारीक बिघाड बारीक कामातच दिसणार. गवंड्याला बोटानं भिंतीवर टकटक करायला लावलं असतं तर कदाचित एक वाजताच कळलं असतं. हे तिला आजवर कधी सुचलं नव्हतं.

"तुमची मापाची फीत आहे का इथे?"

"पिशवीत आहे. ती नसली तर मला झोप येत नाही."

लेकीनं काढून दिली. पिवळी, कडा झिजलेली.

"काम संपल्यावर गुंडाळता तशी गुंडाळून दाखवा. न बघता."

शिंपीणबाईंना ते आयुष्यभराचं काम. उजव्या हातानं फीत सोडायची आणि डाव्या हाताच्या दोन बोटांवर गुंडाळत न्यायची. बोलता बोलता त्यांनी सुरुवात केली. एक वेढा बसला, दुसरा बसला. तिसऱ्याला फीत बोटांवरून घसरली. त्यांना कळलंच नाही. उजवा हात हवेतच गोल फिरत राहिला, आणि फीत चादरीवर पडत गेली.

"आई, फीत पडली," लेक म्हणाली.

"जुनी झालीय, बुळबुळीत झालीय," शिंपीणबाई म्हणाल्या. पण त्यांनी डाव्या बोटांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज लहान झाला. "सिस्टर, हे माझ्याच हाताचं आहे का हो?"

"तुमच्याच. आणि तो मी जाऊ देणार नाही."

छोटे डॉक्टर धावत आले. ताट धरायला लावलं तर हात सरळ. पुन्हा लावलं, सरळ. ते घुटमळले. ताईंनी फीत त्यांच्यासमोर पुन्हा गुंडाळायला दिली, आणि या वेळी पहिलाच वेढा बसला नाही.

"ही घ्या खूण," ती म्हणाली. "एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मी लिहिते आणि आजची सही करते. चुकलं तर माझ्या नावावर."

डॉक्टरांनी एकदा फितीकडे पाहिलं आणि फोन उचलला. दोन वाजून दहा मिनिटांनी शिंपीणबाईंची ढकलगाडी खाली गेली. लेक सोबत धावली. दोनच्या ओळीत लिहिलं होतं तसा, लिफ्टच्या दारापाशी त्यांचा डावा हात चादरीवरून हळूच खाली आला होता.

६

साडेतीनला खालून फोन आला. एक रक्तवाहिनी आखडून दोऱ्याएवढी झाली होती. नळीतून औषध सोडलं, ती उघडली. अजून तासभर उशीर झाला असता तर, छोटे डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. ताई टेबलावर डोकं टेकून रडली. कुणी बघतंय का याची तिला पर्वा नव्हती.

चारला पाच कमी असताना ती चादर बदलायला चार नंबरमध्ये गेली. खोली रिकामी होती. दुपारचं ऊन सरळ पलंगावर येत होतं.

पण पडदा ओढलेला होता.

तो आपण उघडा ठेवला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. मग मावशींनी ओढला असेल. फरशी पुसताना ओढतात कधीकधी. हे सगळं तिच्या मनात चालू असतानाच तिनं खाली पाहिलं. पडद्याखाली बूट होते. पांढरे, कापडी, खडू लावलेले. डाव्या बुटाची नाडी मध्येच तुटलेली आणि गाठ मारून जोडलेली. ती गाठ तिनं स्वतः मारली होती, एका सकाळी घाईत.

आत टिक झालं.

"नाव सांगा," कुणीतरी म्हणालं. तरुण आवाज, घाईतला. उत्तरासाठी थांबला. "नाव सांगा."

ताई एक पाऊल मागे सरली. पळून जावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी असंही वाटलं की सत्तावीस वर्षं आपण पळतच तर आहोत. तिनं पडद्याची कड धरली आणि वीतभर बाजूला केली.

पाठ दिसली. निळ्या किनारीचा जुना गणवेश, आणि अंबाड्यात खोचलेल्या गरजेपेक्षा जास्त पिना. ती मुलगी वाकून रिकाम्या उशीवर टॉर्च मारत होती, आधी उजव्या बाजूला, मग डाव्या. उशीवर खळगा होता. शिंपीणबाईंच्या डोक्याएवढा नाही, त्याहून मोठा. आणि पलंगापलीकडच्या भिंतीत, आतून यावा तसा, टकटक आवाज येत होता. मंद, एकेका बोटाचा.

"इथे तुझं कुणी नाही," ताई म्हणाली.  "तू लिहिलंस ते खरं आहे. पण ते इथलं नाही, अकरा नंबरचं आहे. दोन वाजता हात खाली येत होता. तीनला उचलत नव्हता. तू गेली असतीस तर तुला दिसलं असतं. मी गेले असते तर मला दिसलं असतं. जा आता. अकरा नंबरला जा."

मुलीची मान वळू लागली. ताईंनी पडदा सोडला. तिला तो चेहरा बघायचा नव्हता. तो तिला पाठ होता.

ती किती वेळ तशी उभी राहिली, तिला कळलं नाही. पडदा पुन्हा सरकवला तेव्हा पलंगावर नुसतं ऊन होतं. भिंतीतला आवाजही थांबला होता.

मग तिनं पाटी घेतली. बारा ते चारच्या ओळींवर रेघ मारली, बारा, एक आणि दोनला स्वतः पाहिलेलं शेजारी उतरवलं, आणि तीन-चारच्या खाली लिहिलं, "या वेळी पेशंट खोलीत नव्हती. पाहिलेलं नाही." सही केली, सासरच्या आडनावाची. इन्चार्ज मॅडम विचारणार, हे नक्की होतं. विचारू दे. या खेपेला सगळं सांगायचं, अगदी पहिल्या वर्षापासूनचं, असं तिनं ठरवलं. गवंड्याची बायको अजून असली तर तिलाही.

७

पाचला शिंपीणबाई परत आल्या. थकलेल्या, पण डोळे जागे. डावा हात चादरीवर होता आणि त्याची बोटं हळूहळू चाळवत होती.

ताईंनी टॉर्च काढला.

"थांबा," शिंपीणबाई म्हणाल्या, "आधी मला एक सांगा. मी खाली ढकलगाडीवर होते ना, तर तुमची एक पोरगी माझ्या शेजारून पळत गेली. गार वाराच आला अंगावर. पायात ते कापडी बूट. म्हटलं, अगं हळू, पडशील. तर म्हणाली, फार उशीर झालाय, अकरा नंबरचा पेशंट दोन वाजल्यापासून वाट बघतोय. केवढी रडवेली झाली होती हो."

"किती वाजता?"

"मला काय माहीत? चारच्या सुमाराला असेल." त्यांनी ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पण या वॉर्डात तर आठच खोल्या आहेत ना? लेक म्हणत होती."

"आठच आहेत."

"मग ती गेली कुठे?"

ताईंनी पाटी हातात घेतली. पाचची ओळ अजूनही कोरी होती. तिनं ती एकदा नीट बघून घेतली आणि पाटी बाजूला ठेवली. पेन खिशातच राहू दिलं. मग ती पलंगाशी वाकली.

"नाव सांगा," ती म्हणाली.